पद्मदुर्गावर बोट, जंजिऱ्याचे दार

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मागच्या खोलीत आम्ही एक लहानसे दालन उभे केले आहे. भिंतीवर दोन पडदे आहेत. डावा उभा आहे. त्यावर रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतचा किनारा दिसतो. उजवा आडवा आहे. नकाशावर ज्या ठिकाणी बोट ठेवावे, त्या ठिकाणची छायाचित्रे आणि माहिती त्यावर उघडते. दोन्ही पडदे चालवणारा संगणक पत्त्यांच्या कॅटाएवढा आहे: रास्पबेरी पाय. २०१२ साली ब्रिटनमध्ये मुलांना संगणक शिकवण्यासाठी निघालेल्या या यंत्राच्या २०१९च्या आवृत्तीपासून त्याला दोन पडदे जोडता येतात. तंत्रनिकेतनात उपकरणशास्त्र शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे हे सगळे जुळवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

दालन सुरू झाले त्या आठवड्यात कोळीवाड्यातल्या एक आजी नातीला घेऊन आल्या. नातीने दोन-चार किल्ले उघडून दाखवले. मग आजी पुढे झाल्या. मुरूडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गाला आमच्याकडे कासा म्हणतात. आजींचे माहेर मुरूडचे, त्यांचे वडील कासाच्या आसपास मासेमारीला जात. त्यांनी नेमके कासावर बोट ठेवले आणि उजव्या पडद्यावर जंजिरा उघडला. पुन्हा ठेवले, पुन्हा जंजिरा. तिसऱ्या वेळीही तेच. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी जो किल्ला बांधला, त्यावर बोट ठेवावे आणि दार उघडावे ते सिद्दीचे! आम्ही हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, “माजाच बोट चुकला, मास्तर.”

मी घाईघाईने पुढे होऊन कासावर बोट ठेवले. कासाच उघडला. म्हणजे यंत्र बरोबर आणि आजी चूक, असे त्या खोलीत सर्वांसमक्ष सिद्ध झाले. ते खोटे आहे हे कळायला मला दोन दिवस लागले. हा लेख त्या दोन दिवसांत काय सापडले त्याविषयी आहे.

दोन पट्ट्या

स्पर्शाने चालणारा पडदा ही एक वस्तू आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दोन वस्तू असतात. मागे चित्र दाखवणारा पडदा आणि पुढे बोट ओळखणारे पटल. दोघांची एकमेकांशी ओळख नसते. चित्र एका केबलमधून येते, बोटाची बातमी दुसऱ्या केबलमधून परत जाते.

पटले निरनिराळ्या प्रकारची असतात. मोबाईलवर असते ते धारितेवर चालते. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या जागची विद्युतधारिता बदलते आणि बदल कुठे झाला यावरून जागा काढली जाते. आमचा उजवा पडदा या प्रकारचा आहे. डावा पडदा मात्र साधा, जुना मॉनिटर आहे. त्यावर आम्ही अवरक्त किरणांची चौकट बसवली. तिच्या दोन बाजूंना प्रकाश सोडणारे दिवे आणि समोरच्या बाजूंना तो टिपणारे डोळे असतात. काचेच्या थोड्या पुढे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे जाळे विणलेले असते. बोट मध्ये आले की एक आडवा आणि एक उभा किरण अडतो, आणि जागा कळते.

पटल कोणतेही असो, ते संगणकाला फक्त दोन आकडे कळवते: माझ्या लांबीच्या किती भागावर आणि माझ्या रुंदीच्या किती भागावर. ‘कासावर’ असे ते कधी म्हणत नाही. ते म्हणते, ०.६ आणि ०.५. ही पटलाची पट्टी. नकाशातला कासा चित्राच्या कितव्या ठिपक्यावर आहे, ही पडद्याची पट्टी. एका पट्टीवरचे माप दुसऱ्या पट्टीवर कसे वाचायचे ते ठरवणे, याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी त्याला अंशशोधन म्हणतो.

दोन पडदे, एक अंगण

एकच पडदा असेल तर काम सोपे आहे. पटलाचे डावे टोक म्हणजे पडद्याचे डावे टोक, उजवे ते उजवे. दोन पडदे आले की घोळ सुरू होतो, कारण संगणक दोन पडद्यांना दोन मानत नाही. तो दोघांचे मिळून एक अंगण करतो. आमचा डावा पडदा उभा असल्याने १०८० ठिपके रुंद आणि १९२० उंच. उजवा १९२० रुंद आणि १०८० उंच. शेजारी शेजारी ठेवले की अंगण ३००० रुंद आणि १९२० उंच. लिनक्सच्या ज्या जुन्या रचनेवर आम्ही सुरुवात केली, तिच्यात वेगळे काही सांगितले नाही तर प्रत्येक पटल स्वतःला या पूर्ण अंगणाचे मालक समजते.

आमच्या डाव्या पडद्याने त्यात आणखी भर घातली. तो घड्याळाच्या दिशेने पाव वळण देऊन उभा केलेला होता. चित्र फिरवण्याची आज्ञा आपण देतो, पटलाला ती कळत नाही. त्याची लांबी आता वरून खाली गेली आहे, हे त्याला ठाऊकच नसते. म्हणून पहिल्या दिवशी मी नकाशावर बोट वरून खाली नेले तर बाण आडवा चालत उजव्या पडद्यावर जाऊन पोचला. नकाशाच्या खालच्या भागात, सत्तर टक्के उंचीवर बोट ठेवले तर संगणकाच्या लेखी ते ३०००च्या सत्तर टक्क्यांवर, म्हणजे २१००व्या ठिपक्यावर पडले. तो ठिपका उजव्या पडद्याच्या पोटात आहे.

यावरचा उपाय शाळेतल्या गणितात आहे. उजव्या पडद्याचे पटल आडव्या दिशेने अंगणाचा फक्त ०.६४ भाग व्यापते, कारण १९२० भागिले ३००० म्हणजे ०.६४. आणि तो भाग ०.३६नंतर सुरू होतो. म्हणून त्याचा आडवा आकडा ०.६४ने गुणायचा आणि त्यात ०.३६ मिळवायचे. उभा आकडा १०८० भागिले १९२०, म्हणजे ०.५६२५ने गुणायचा. डाव्या पडद्याचे वळण असे सोडवायचे: पटलाचा पहिला आकडा आता उंची सांगतो, म्हणून तो जसाच्या तसा उभ्या जागी घ्यायचा. दुसरा आकडा रुंदी सांगतो, पण उलट दिशेने, उजवीकडून डावीकडे. म्हणून तो १मधून वजा करायचा आणि उत्तर ०.३६ने गुणायचे.

प्रत्येक पडद्यासाठी असे सहा आकडे लागतात. तीन आडव्या जागेसाठी, तीन उभ्या जागेसाठी. दोन गुणायचे आणि एक मिळवायचा. त्यांच्याखाली ०, ०, १ अशी ओळ लिहून नऊ आकड्यांचा चौरस करतात. गणितात त्याला आव्यूह म्हणतात, संगणकवाले मॅट्रिक्स म्हणतात. खालची ओळ काहीच करत नाही असे वाटते, पण तिच्यामुळे गुणाकार आणि बेरीज एकाच क्रियेत बसतात, आणि आधी फिरवा, मग आखडा, मग सरकवा अशा तीन पायऱ्यांचा एकच चौरस करता येतो.

इथवर सगळे हिशेबाने झाले, एकदाही बोट न लावता. पण हा हिशेब पटल आणि पडदा काठोकाठ जुळलेले आहेत असे धरतो. आमची अवरक्त चौकट मॉनिटरपेक्षा थोडी मोठी होती, हाताने चिकटवलेली होती आणि किंचित तिरकी बसली होती. तेव्हा पडद्यावर खुणा दाखवायच्या, त्यांना बोट लावायचे आणि पटल काय सांगते ते टिपायचे. सहा आकडे अज्ञात आहेत आणि एका खुणेतून दोन समीकरणे मिळतात. म्हणून तीन खुणा पुरतात, फक्त त्या एका रेषेत नसाव्यात. मी तीन खुणा घेतल्या, आकडे बसवले, चार-सहा किल्ले उघडून पाहिले आणि काम संपल्याचे जाहीर केले.

कुलाब्याहून अलिबागला

त्यानंतर आजी आल्या आणि वर सांगितले ते घडले. गंमत अशी की माझी चूक काय होती हे मला आमच्याच दालनाच्या उजव्या पडद्यावर वाचायला मिळाले. अलिबागवर बोट ठेवले की तिथल्या चुंबकीय वेधशाळेची माहिती उघडते. ती माहिती मीच लिहिली होती.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा १८२६ सालची. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तिथे १८४१मध्ये सुरू झाली. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाची कुलाब्यात डोळ्यांनी वाचून टिपलेली नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेचा प्रवाह जिथे वाहतो तिथे चुंबकत्व निर्माण होते, म्हणजे ट्राम सुरू झाली की कुलाब्याची सुई पृथ्वीऐवजी ट्रामचीच नोंद करणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय मोजणीसाठी समुद्रापलीकडची, सुमारे ३० किलोमीटरवरची अलिबागची जागा निवडली. मोजणीच्या इमारतीत लोखंड वर्ज्य होते. १९०४ साली अलिबागची मोजणी सुरू झाली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.

या दोन तारखांच्या मधल्या काळात जे झाले ते माझ्या कामाचे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६पर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. अलिबागचे आकडे कुलाब्याच्या आकड्यांशी जुळणारच नव्हते. दोन जागी पृथ्वीचे चुंबकत्वच थोडे वेगळे आहे. दोन्हीपैकी एकही सुई चूक नव्हती. प्रश्न एवढाच होता की एकीचे माप दुसरीच्या मापात कसे वाचायचे. ते ठरवायला दोघींना एकच दिवस, एकच वादळ, एकच ऋतू दाखवावा लागतो, आणि तोही पुन्हा पुन्हा. ते केले म्हणून कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी आणि अलिबागच्या पुढच्या नोंदी एकाच माळेत ओवता आल्या. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी विवेचनासह १९१०मध्ये प्रसिद्ध केल्या.

त्यांनी दोन वर्षे घेतली. मी तीन खुणा घेतल्या होत्या, एका दुपारी, एकाच बोटाने.

कोणाचे बोट?

या शेवटच्या दोन शब्दांपाशी मी थांबलो. तिन्ही खुणांना बोट मीच लावले होते, उभ्याने. मी उंच माणूस आहे. पडदाही माझ्याच सोयीने माझ्या डोळ्यांच्या रेषेत टांगला होता.

जुन्या मॉनिटरचे चित्र आणि अवरक्त किरणांचे जाळे यांत साधारण एक सेंटीमीटर अंतर आहे. सरळ समोरून पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. खालून वर पाहणाऱ्याची नजर मात्र जाळ्याला खुणेच्या खाली छेदते, आणि बोट नजरेच्या रेषेतच जाते. मापनपात्रातल्या पाण्याची पातळी डोळा समान उंचीवर आणून वाचावी, असे शाळेत शिकवतात ते यासाठीच. समजा डोळा चित्रापासून ५० सेंटीमीटरवर आहे आणि खुणेच्या २५ सेंटीमीटर खाली आहे. समरूप त्रिकोणांनी हिशेब केला तर बोट खुणेच्या अर्धा सेंटीमीटर खाली लागेल. त्यात हात वर करून टेकवलेले बोट तिरके असते. टोक काचेला लागण्याआधी त्याचा खालचा भाग किरण अडवतो, आणि चूक आणखी थोडी खाली जाते.

आजी ठेंगण्या, शिवाय वयाने वाकलेल्या. आमच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे दोन किलोमीटर. पद्मदुर्ग जंजिऱ्याच्या वायव्येला आहे. जमिनीवर गावांची दाटी म्हणून किल्ल्यांची नावे मी पश्चिमेकडे, समुद्राच्या निळ्या भागात लिहिली होती, आणि नावाला बोट लागले तरी किल्ला उघडावा अशी सोय केली होती. परिणामी ‘जंजिरा’ ही अक्षरे बरोबर पद्मदुर्गाच्या खाली आली होती. आजींनी कासालाच बोट लावले होते. यंत्राने ते अर्धा-पाऊण सेंटीमीटर खाली वाचले आणि जंजिऱ्याचे दार उघडले.

मग मला त्यांच्या नातीची आठवण झाली. तिने उघडलेले किल्ले नकाशाच्या वरच्या भागातले होते, आणि तेही ती बाकावर चढून उघडत होती. म्हणजे तिने स्वतःला माझ्या उंचीचे करून घेतले होते. मुले अशी वाट काढतात. आजी बाकावर चढणार नव्हत्या.

खगोलशास्त्रात अशा फरकाला जुना इतिहास आहे. १७९६ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत प्रमुख मास्केलाइन यांनी किनब्रुक नावाच्या सहायकाला कामावरून काढले, कारण तारा दुर्बिणीतल्या तारेवरून जाण्याची त्याने टिपलेली वेळ प्रमुखांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने वेगळी येई. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी ते प्रकरण वाचले आणि निरनिराळ्या निरीक्षकांच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांना आढळले की निष्णात निरीक्षकांच्याही वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येकाचा स्वतःचा फरक असतो, आणि तो मोजून हिशेबात धरता येतो. किनब्रुक चुकला नव्हता. मोजपट्टी म्हणून दुसऱ्याचा डोळा धरला होता, एवढेच.

दुसरी खेप

मी काम पुन्हा हाती घेतले. आधी पडदा वीतभर खाली आणला आणि वरची कड किंचित पुढे झुकवली. मग तीनऐवजी पाच खुणा ठेवल्या: चार कोपऱ्यांजवळ आणि एक मध्ये. त्या पाचही खुणांना वेगवेगळ्या उंचीच्या माणसांनी बोट लावायचे असे ठरले. चौथीतला एक मुलगा, ग्रंथपाल ताई, खुर्चीत बसून एक गृहस्थ, मी, आणि निरोप पाठवून बोलावलेल्या आजी.

समीकरणे आता गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाली आणि ती एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हती. जुळणार नाहीतच. अशा वेळी सर्व चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे सहा आकडे निवडतात. ही रीत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात कोणा एकाचे बोट प्रमाण मानले जात नाही. माझ्या बोटाला थोडी चूक सोसावी लागते, आजींच्या बोटाची बरीच कमी होते.

पडताळणीसाठी मी अंशशोधनात न वापरलेल्या जागा घेतल्या: कोर्लई आणि श्रीवर्धन. ज्या खुणांवरून आकडे काढले त्यांच्यावरच ते तपासणे म्हणजे परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका वाटणे. आणि जंजिऱ्याचे नाव समुद्रातून उचलून किल्ल्याच्या उजवीकडे नेले. गणिताने जेवढे सुटते तेवढे सोडवावे, उरलेले जागा बदलून सुटते.

काही दोष अंशशोधनाने जात नाहीत, हेही सांगायला हवे. चूक रोज सारखीच असेल तरच ती आकड्यांनी खोडता येते. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन चौकटीवर आले की टिपणारे डोळे दिपतात आणि नसलेली बोटे दिसू लागतात. तिथे पडदा लावणे हाच उपाय. साडीचा पदर किंवा सैल बाही किरणांत शिरली तर चौकट त्यालाही बोट समजते. त्यासाठी आम्ही लहानशा स्पर्शाने लगेच पान न उघडता, बोट क्षणभर स्थिर राहिल्यावरच उघडेल अशी सोय केली.

शेवटची अडचण पावसाळ्यात कळली. वीज गेली आणि आली की छोटा संगणक झटकन जागा होतो, जुना मॉनिटर सावकाश. संगणकाला तेवढ्यात एकच पडदा दिसतो. अंगण ३०००चे राहत नाही, १९२०चे होते, आणि ०.३६, ०.६४ हे सगळे अपूर्णांक निरर्थक होतात. म्हणून आता ते आकडे कायमचे लिहून ठेवलेले नाहीत. यंत्र सुरू होताना दोन्ही पडदे जागे होण्याची वाट पाहते, कोण कुठे आहे ते विचारते आणि अपूर्णांक नव्याने काढते. लिनक्सच्या नव्या, वेलँड नावाच्या रचनेत अमुक पटल अमुक पडद्याचे असे थेट जोडता येते, त्यामुळे अंगणाचा हिशेब आपल्याला करावा लागत नाही. बोटांवरून काढलेले आकडे मात्र तिथेही लागतातच.

आजींच्या बोटाचे आकडे त्या पंचवीस नोंदींत पाच आहेत. सगळे बसवून झाल्यावर त्या पुन्हा पडद्यासमोर उभ्या राहिल्या. हात आधी पदराला पुसला, मग कासावर बोट ठेवले. उजव्या पडद्यावर लाटांत उभा असलेला तट उघडला. त्या बराच वेळ छायाचित्र पाहत राहिल्या. मग बोटाने दाखवत नातीला म्हणाल्या, वडील होडी कुठे लावत ते. ती जागा आमच्या माहितीत नव्हती. मी वही काढली.